शेऱ्याचा रकाना

स्कोअरबुकात शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो.
बहुतेक तो कोराच राहतो.
अठ्ठावीस वर्षं झाली,
साखर पेठेतल्या विजय स्पोर्ट्सची वही माझ्याकडे आहे.
रात्रपाळीला टॉवेलाचे धागे,
रविवारी धावा.
तुटलं की गाठ मारायची, माग पुन्हा चालू.

क्लब सोडून गेलेल्यांची पानं
मी फाडली नाहीत.

नदाफांचा इरफान कोल्हापूरला गेला,
पहिल्याच हंगामात साडेपाचशे धावा, मग गुडघा.
आता टायरचं दुकान आहे.
फोनवर म्हणतो, मामा, इथलं पाणी लई गोड,
चेंडू मात्र उशिरा यायचा.

कलशेट्टीचा मल्लू खेळाच्या कोट्यातून रेल्वेत लागला.
सिकंदराबादला चौदा सामने, चौदाही वेळा बारावा गडी.
पगार अकरा जणांएवढाच, असं त्याची आई सांगते
आणि ते खरंच आहे.

शिवशरण आमच्याकडे एकोणीसच्या सरासरीनं खेळला,
नाशिकला एकेचाळीसच्या.
हे पान मी कुणाला दाखवत नाही.

आणि गुंडेटीचा अंबादास.
मॅटिंगचे खिळे ठोकत मोठा झालेला.
काळ्या मातीवर काथ्याची चटई,
चेंडू छातीपर्यंत उसळायचा
आणि हा मागच्या पायावर जाऊन असा कट मारायचा
की पॉइंटचा पोरगा
आधीच भिंतीकडे पळायला लागायचा.

पुण्याच्या क्लबानं त्याला किट दिलं,
हडपसरला खोलीचं भाडं दिलं.
जायच्या आदल्या संध्याकाळी
क्लबाचे ग्लोव्हज परत करायला आला,
पेपरात गुंडाळून.
एक बोट उसवलं होतं,
ते आईकडून शिवून आणलं होतं.
विड्या वळणाऱ्या बोटांचा टाका,
बारीक, घट्ट.
मी म्हटलं, ठेव की.
तो म्हणाला, नको मामा, क्लबाचे आहेत.

स्वारगेट गाडीचा कंडक्टर
दर सोमवारी पुण्याचा पेपर आणायचा.
गुंडेटी चार.
गुंडेटी शून्य.
गुंडेटी सतरा.
मग तीन सोमवार नावच नाही.
तिकडे विकेटवर गवत होतं, चेंडू खालीच राहायचा.
मी पेपर घडी करून
चटणीच्या डब्याखाली घालायचो.

जानेवारीत पुण्याचा संघ आला, पार्क मैदानावर.
पलीकडे गड्ड्याचे पाळणे फिरत होते,
भोंगे एकमेकांना ऐकू देत नव्हते.
मी सवयीनं डाव्या पानावर लिहिलं: गुंडेटी अं.
मग खोडून उजव्या पानावर.
वहीत त्या दिवशी एकच खाडाखोड आहे.

आदमचा श्रीनिवास, सतरा वर्षांचा,
त्यानं अंबादासला फक्त ऐकलेलं.
चेंडू आपटायचा आणि हा कट मारायचा,
चार, चार, पुन्हा चार.
आमच्याच मांडवात कुणीतरी म्हणालं, काय मारतोय बे!
आणि लगेच गप्प झालं.
मग कॅप्टननं गलीला दोन पावलं मागं नेलं.
त्याची खोड फक्त आम्हालाच माहीत होती.
एकतीसवर झेल.

टाळ्या पडल्या, मध्येच पातळ झाल्या.
तो मान खाली घालून निघाला
आणि पाय त्याला आमच्या मांडवाकडे घेऊन आले.
पॅडच्या ट्रंकेवर बसला, त्याची जुनी जागा.
एक पॅड सोडलं.
कुणी बोललं नाही.
बागवानच्या पोरानं पाण्याचा तांब्या पुढं केला,
तो घटाघटा प्यायला,
मग वर पाहिलं,
एकेक तोंड ओळखत गेला,
आणि समोर उभ्या असलेल्या आमच्या ओपनरच्या
ग्लोव्हजकडे,
त्या बोटाकडे.

सॉरी मामा, म्हणाला.
उठला.
एक पॅड काखेत, एक पायात,
सबंध मैदानाला वळसा घालून
पलीकडच्या मांडवात गेला,
फट फट आवाज करत.

झेल, गोलंदाज, एकतीस: सगळं नेमक्या घरात बसलं.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
एक पॅड.
कुणी वही तपासली तर विचारेल.
विचारू दे.